पानामागची बासरी

आपल्या संकेतस्थळामागे मंद सूर वाजत असावेत, अशी हौस ते बांधणाऱ्याला एकदा तरी होतेच. रात्री उशिरा, आजूबाजूला सामसूम असताना, आपण स्वतःच्या पानाकडे कौतुकाने पाहत बसलेलो असतो. रंग जमलेले असतात, अक्षरे जमलेली असतात, आणि मग ती शांतता अपुरी वाटू लागते. येणारा माणूसही अशाच शांततेत येणार, हे आपण मनाशी परस्पर ठरवून टाकतो.

मी ही हौस पहिल्यांदा भागवली ती मॉडेमच्या, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट येण्याच्या काळात. इंटरनेट एक्सप्लोररला ‘बीजीसाउंड’ नावाचा एक टॅग, म्हणजे पानाच्या कोडमधली खूण, समजत असे. एक ओळ लिहिली की पान उघडताच संगीत सुरू होई, आणि ते थांबवण्याचे बटण मात्र पानावर कुठेच नसे. तीन मिनिटांचे एमपीथ्री गाणे १२८ केबीपीएसने (सेकंदाला १२८ किलोबिट) साठवले तर जवळपास २.८ एमबीचे होते, आणि ५६ केबीपीएसचा मॉडेम अगदी पूर्ण वेगाने चालला असता तरी ते उतरायला सात मिनिटे लागली असती. म्हणून मिडी वापरायची. मिडी फाइलमध्ये आवाज नसतोच, कोणता सूर कधी आणि किती वेळ वाजवायचा एवढ्या सूचना असतात, त्यामुळे ती काही केबीत मावते. वाद्यांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या १९९१ च्या ‘जनरल मिडी’च्या यादीत १२८ वाद्ये आहेत आणि त्यात ७४ व्या क्रमांकावर बासरी आहे. माझ्या संगणकावर ती बऱ्यापैकी बासरीसारखी वाजे. एका परिचितांच्या संगणकावर मी तेच पान मोठ्या अभिमानाने उघडले, तेव्हा त्यांच्या साउंड कार्डाने ७४ क्रमांकाचा अर्थ खेळण्यातली पिपाणी असा लावला. शिवाय दुसऱ्या पानावर गेले की धून पुन्हा पहिल्यापासून सुरू होई, त्यामुळे तिचा शेवट कोणीच कधी ऐकला नसावा.

पुढे ब्राउझरच शहाणे झाले. सफारीने २०१७ मध्ये, क्रोमने २०१८ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१९ मध्ये न विचारता सुरू होणाऱ्या आवाजाला वेसण घातली. आज ‘ऑडिओ’ टॅगला ‘ऑटोप्ले’ जोडले, तरी पाहणाऱ्याने पानावर कुठेतरी क्लिक किंवा स्पर्श करेपर्यंत ब्राउझर बहुधा मौन पाळतो. मला आधी याचा रागच आला होता. पण ज्यांना दिसत नाही, ते पान स्क्रीन रीडरच्या आवाजातून वाचतात, आणि आपली धून नेमकी त्या आवाजावर जाऊन बसते, हे लक्षात आल्यावर राग ओसरला. सुगम्यतेच्या वेब-निकषांत, आपोआप वाजणारा आवाज तीन सेकंदांहून अधिक चालणार असेल तर तो थांबवण्याची किंवा कमी करण्याची सोय द्या, असे २००८ पासून लिहिलेले आहे. तीन सेकंद ही मुदतही मला उदारच वाटते.

तरीही हौस ती हौस. गेल्या वर्षी एका मैत्रिणीने माझ्या छायाचित्रांच्या पानासाठी चाळीस सेकंदांची बासरी वाजवून दिली, आणि मी ‘संगीत ऐका’ असे लहानसे बटण करून ती त्यामागे ठेवली. पहिल्या फेरीनंतर एक बारीकसा उसासा ऐकू आला; सूर किंचित तुटला आणि पुन्हा जुळला. एमपीथ्री करताना फाइलच्या आरंभी आणि शेवटी सूक्ष्म शांतता भरली जाते, ती एकदा ऐकताना कळत नाही. पण धून फिरून फिरून वाजू लागली की दर चाळीस सेकंदांनी कोणीतरी दार लोटल्यासारखे वाटते, आणि मग मागे राहायला आणलेले संगीत सारखे पुढे येऊन उभे राहते. शेवटी एमपीथ्री करण्याआधीची मूळ वेव्ह फाइल कापून, बासरी जिथे श्वास घेते तिथेच शेवट आणि आरंभ जोडले, आणि ‘वेब ऑडिओ’ ही आवाज हाताळण्याची ब्राउझरमधली सोय वापरून ती न तुटता फिरवली. यात दोन संध्याकाळी गेल्या, आणि त्या अतिशय आनंदात गेल्या, हेही कबूल केले पाहिजे.

त्याआधी, साध्या ‘ऑडिओ’ टॅगवर काम चालू असताना, आवाजाचाही घोळ झाला होता. मी कोडमध्ये तो पाचवा हिस्सा ठेवला होता. संगणकावर बासरी शेजारच्या खोलीतून आल्यासारखी वाजे. आयफोनवर मात्र तिने दणक्यात सुरुवात केली, कारण तिथे पानाने ठरवलेला हा आकडा जुमानलाच जात नाही; आवाज वापरणाऱ्याच्या बटणांवर चालतो. तेव्हा कोडचा नाद सोडून मी मूळ ध्वनिमुद्रणाचाच आवाज कमी केला होता.

सगळे जुळल्यावर मैत्रिणीला पान दाखवले. तिने बटण दाबले, फोन कानाशी नेला, थोडा वेळ तसाच धरला आणि विचारले, “सुरू झालं का?”