बोलिव्हियाचा झेंडा कोणी लावत नाही

विश्वचषक जवळ आला की आमच्या बेळगावात, आणि पुढे निपाणी ओलांडून कोल्हापूरपर्यंत, गल्लीबोळांत दोनच देशांचे झेंडे दिसतात: एक पिवळा-हिरवा आणि दुसरा निळा-पांढरा. कोल्हापुरात तालमींच्या फुटबॉलमुळे हा ज्वर जरा अधिकच असतो. माझ्या आतेभावाच्या गल्लीत ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्यावरून दोन शेजाऱ्यांत महिनाभर अबोला चाललेला मी पाहिला आहे. मात्र गेली काही वर्षे पहाटे उठून दक्षिण अमेरिकेच्या पात्रता फेरीचे सामने पाहू लागल्यापासून माझे लक्ष या दोन झेंड्यांवरून उडाले असून, त्या फेरीच्या इतिहासात उरलेले आठ संघच मला अधिक रंजक वाटू लागले आहेत.

सुरुवातीच्या काळात या फेरीला फेरी म्हणणेही धाडसाचे होते. 1930 मध्ये सगळेच संघ निमंत्रणावरून आले. 1934 मध्ये पेरू आणि चिली यांनी माघार घेतल्यामुळे ब्राझील आणि अर्जेंटिना एकही पात्रता सामना न खेळता इटलीला गेले. 1950 मध्ये तर अर्जेंटिना, इक्वेडोर आणि पेरू या तिघांनी अंग काढून घेतल्यामुळे उरुग्वे, चिली, बोलिव्हिया आणि पेराग्वे या चौघांनाही आयता प्रवेश मिळाला आणि त्यांतला उरुग्वे पुढे विश्वविजेता झाला. (त्याच वर्षी भारतही प्रतिस्पर्ध्यांच्या माघारीमुळे असाच पात्र ठरला होता आणि तरीही गेला नाही, ही हळहळ आपल्याकडे अजून अधूनमधून ऐकू येते.) या खंडात पात्रतेसाठी प्रत्यक्ष मैदानावर सामने झाले ते 1954 च्या स्पर्धेच्या वेळी, ब्राझील, पेराग्वे आणि चिली या तिघांमध्ये.

लहान संघाने मोठ्याला घरात येऊन रोखल्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण 31 ऑगस्ट 1969 चे आहे. अर्जेंटिना त्याआधी बोलिव्हियात ला पाझला आणि पेरूत लिमाला हरलेली होती, त्यामुळे ब्युनोस आयर्सच्या बोम्बोनेरा मैदानावर पेरूविरुद्ध तिला विजयाशिवाय गत्यंतर नव्हते. पेरूचे प्रशिक्षक होते ब्राझीलचे दोन वेळचे विश्वविजेते दिदी. ओस्वाल्दो रामिरेझने दोन गोल केले, सामना 2-2 असा सुटला आणि पेरू 1970 च्या विश्वचषकासाठी मेक्सिकोला गेला. मैदानावर खेळून अपात्र ठरण्याची वेळ अर्जेंटिनावर आजवर एवढी एकदाच आली आहे.

बोलिव्हियाचा विषय निघाला की सगळे उंचीवर बोलतात. ला पाझचे मैदान समुद्रसपाटीपासून सुमारे 3,600 मीटरवर, म्हणजे आपल्या बेळगावच्या जवळजवळ पाचपट उंचीवर आहे. हवा विरळ असल्यामुळे पाहुण्यांना लवकर धाप लागते आणि चेंडूला हवेचा रोध कमी मिळाल्यामुळे तो गोलरक्षकाच्या अंदाजापेक्षा वेगाने येतो. 25 जुलै 1993 रोजी याच मैदानावर बोलिव्हियाने अखेरच्या काही मिनिटांत दोन गोल करून ब्राझीलला हरवले, आणि पात्रता सामन्यांच्या इतिहासातला ब्राझीलचा तो पहिला पराभव ठरला. 1950 ला आयता प्रवेश मिळालेला हा संघ 1994 च्या स्पर्धेत प्रथमच स्वतःच्या पायांवर पोहोचला.

2007 मध्ये फुटबॉलची जागतिक संघटना फिफाने उंचावरील सामन्यांवर बंधन आणले, तेव्हा बोलिव्हियाच्या बाजूने उभे राहिलेल्यांमध्ये मॅराडोना होता आणि ते बंधन चुकीचे आहे हे दाखवण्यासाठी तो 2008 मध्ये ला पाझला जाऊन खेळलाही. बंधन उठले. पुढच्या वर्षी 1 एप्रिलला तोच मॅराडोना अर्जेंटिनाचा प्रशिक्षक म्हणून त्याच मैदानावर आला आणि 6-1 असा हरून गेला. तरीही उंचीचे कौतुक मला अतिशयोक्त वाटते, कारण 1993 नंतर परक्या मैदानावरचा पात्रता सामना जिंकायला बोलिव्हियाला सप्टेंबर 2024 उजाडावे लागले; अर्ध्या सामन्यांत उपयोगी पडणाऱ्या शस्त्रावर पात्रता मिळत नाही.

या सगळ्याला वळण दिले ते 1998 च्या स्पर्धेसाठी आलेल्या नव्या पद्धतीने. तोवर तीन ते पाच संघांचे गट पाडत आणि काही आठवड्यांत प्रकरण मिटत असे. आता प्रत्येकाने प्रत्येकाशी घरी आणि बाहेर खेळायचे ठरले, आणि 2002 च्या वेळी दहाही संघ अठरा-अठरा सामने खेळले. यात दुबळ्यांचा चुराडा होईल अशी शंका घेण्यास जागा होती, पण झाले उलटेच. वर्षानुवर्षे मोठ्या संघांशी नियमित गाठ पडू लागल्यामुळे इक्वेडोर 2002 मध्ये प्रथमच विश्वचषकाला गेला, आणि एके काळी केवळ हरण्यासाठी येणाऱ्या व्हेनेझुएलाने 2004 मध्ये उरुग्वेला माँटेव्हिडिओत 3-0 असे हरवले.

लांबलचक गुणतक्त्यात कोणाचा हिशेब कुठे फिरेल हे मात्र सांगता येत नाही. 2016 मध्ये बोलिव्हियाने नेल्सन काब्रेरा नावाचा मूळचा पेराग्वेचा, अपात्र खेळाडू पेरू आणि चिली या दोघांविरुद्ध उतरवला. चिलीने तक्रार केली आणि फिफाने दोन्ही सामने 3-0 असे बहाल केले. विजयाला तीन गुण आणि बरोबरीला एक; चिलीचा सामना बरोबरीत सुटला होता, म्हणून त्यांना दोन गुण वाढवून मिळाले. पेरू हरलेला होता, म्हणून त्याला तीन. शेवटी दोघांचे 26-26 गुण झाले, गोलफरकावर पेरू पाचवा आला, म्हणजे दुसऱ्या खंडातील संघाशी खेळून पात्र ठरण्याची अखेरची संधी त्याला मिळाली, आणि पुढे न्यूझीलंडला हरवून तो 36 वर्षांनी विश्वचषकात खेळला. तक्रार केलीच नसती तर ती पाचवी जागा चिलीची होती! दुसऱ्याचे काढायला जाऊन स्वतःचे घालवणे म्हणतात ते हेच.

10 सप्टेंबर 2025 रोजी आपल्याकडे पहाटे पाच वाजता शेवटच्या फेरीचे सामने सुरू झाले. सातव्या जागेवर, म्हणजे अखेरची संधी देणाऱ्या आंतरखंडीय सामन्यांच्या दारात, व्हेनेझुएला 18 गुणांवर होता आणि बोलिव्हिया 17 वर. बोलिव्हिया आता ला पाझहूनही उंच असलेल्या एल आल्तो येथे ब्राझीलशी खेळत होता, व्हेनेझुएला मातुरिनमध्ये कोलंबियाशी. आई उठली तेव्हा मी दोन मोबाइल शेजारी ठेवून बसलो होतो. एल आल्तोत मिगेल तेर्सेरोसने पेनल्टीवर गोल केला. मातुरिनमध्ये व्हेनेझुएलाने तीन गोल केले आणि सहा खाल्ले. ‘कोण जिंकले?’ असे आईने विचारले. ‘बोलिव्हिया,’ मी म्हणालो. ‘तो कुठला?’ म्हणत ती चहाचे आधण ठेवायला गेली.