सहा तासांची शाळा

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा बाकावर बसलो. ह्यूस्टनमध्ये ताशी ४५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ६२ ने गेलो होतो, पोलीसमामांनी बाजूला घेतलं. कोर्टाची परवानगी काढून सरकारमान्य डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा कोर्स केला की टेक्सासमध्ये दंडाचं तिकीट रद्द होतं. पण ही सवलत बारा महिन्यांत एकदाच, आणि वेग मर्यादेपेक्षा २५ मैल किंवा त्याहून जास्त असेल तर तीही नाही. म्हणजे आठ मैलांनी वाचलो!

वाटलं, डुलक्या काढू. पुण्यात स्कूटर चालवलेल्याला हे काय शिकवणार? मग मास्तरांनी फळ्यावर रस्ता काढला. मधे फक्त वळायची लेन, समोरून स्कूल बस, लाल दिवे लुकलुकतायत. थांबायचं का? मी ठणकावून म्हटलं, "नाही." चूक! बसचे लाल दिवे लुकलुकत असले की समोरून येणाऱ्यानंही थांबायचं; मधे दुभाजक असेल तरच सूट. घराजवळचा रस्ता अगदी तस्साच आहे हो. गेली चार वर्षं मी तिथून बिनधास्त जातोय. पोटात गोळाच आला.

संध्याकाळी लेकीला क्लासहून आणताना ती मागून म्हणाली, "बाबा, गाडी बिघडलीये का?"

पाटीवर ४०. काटा ३८ वर.