झोपडी खोदायची म्हणजे नक्की काय खोदायचं? (माझा अनुभव)

पुरातत्त्वात एमएला असताना उत्खननाच्या ट्रेनिंगला पुणे जिल्ह्यातल्या एका ताम्रपाषाणयुगीन (लोक तांब्याची आणि दगडाची हत्यारं वापरायचे त्या काळातल्या) साइटवर होते. माझ्या ट्रेंचमध्ये, म्हणजे खोदायला आखून दिलेल्या चौकोनात, झोपडी आहे असं सर म्हणाले आणि मी बघतेय तर नुसती माती. कुडाचं घर ते, लाकूड-गवत कधीच कुजून गेलं, उरतो फक्त मातीतला रंगाचा फरक, आणि तोही दुपारच्या उन्हात अजिबात दिसत नाही. म्हणून सकाळी लवकर, पाण्याचा फवारा मारून, ट्रॉवेलने (छोट्या थापीने) हलक्या हाताने खरवडत बसायचं. चोपलेल्या जमिनीवर ट्रॉवेल आली की आवाज बदलतो, खर्र ऐवजी टणक लागतो, तिथे थांबायचं.

खरी डोकेदुखी खांबांच्या खड्ड्यांची. काळपट भुसभुशीत गोल दिसला की मी लगेच खूश, पण कामावरचे मामा वाकून बघायचे आणि म्हणायचे, "मॅडम, ह्ये घुशीचं बीळ हाय, बघा कसं आडवं पळालंय." खड्डा अर्ध्यातून उभा कापला की कळतं, खांबाचा असेल तर सरळ खाली जातो, तळाशी कधीकधी आधाराला ठोसलेले दगड असतात. मामांची नजर आमच्या सगळ्या बॅचपेक्षा भारी होती, रिपोर्टमध्ये मात्र असल्या लोकांचं नाव कुठे येतं?

असे खड्डे जोडत गेलो तेव्हा गोल आकार यायला लागला, मध्ये चुलीची लाल भाजलेली माती. गोल आला म्हणून एवढा उत्साह का, तर इनामगाव. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 खोदलं, तिथे आधीच्या लोकांची ऐसपैस चौकोनी घरं आणि उत्तर जोर्वे काळात (जोर्वे या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीचा शेवटचा टप्पा), म्हणजे साधारण इ.स.पू. 1000 ते 700, लहान गोल झोपड्या. पाऊस कमी झाला, शेती बसली आणि लोक गरीब झाले असं तिथे उत्खनन केलेल्या पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर सरांचं म्हणणं. मला ते पटतं, पण नुसत्या गोल आकारावरून गरिबी ठरवायची हे जरा धाडसाचंच वाटतं.

मग ड्रॉइंग, लेव्हल्स (खोलीची मापं), फोटो, प्रत्येक खड्ड्याला नंबर, मातीचे नमुने पिशवीत भरून लेबलं. खोदण्यापेक्षा हेच जास्त वेळ खातं आणि कंबर जाते ती इथेच. अर्धी झोपडी बाजूच्या न खोदलेल्या पट्ट्याखाली गेलीय, ती पुढच्या सीझनला, उत्खननाचं लायसन्स मिळालं तर.