रेघ कुठे तुटते?

पहिलीच्या आमच्या बाई फळ्यावर अक्षरं जोडीनं लिहीत: घ आणि ध, म आणि भ, य आणि थ. "बघा, डोक्यावरची रेघ कुठे तुटते?" असं विचारत. मग 'घन-धन', 'मार-भार' वाचायला लावत. कुणी अंदाजानं ठोकून दिलं, की खडूचं टोक पुन्हा त्याच अक्षराखाली येई.

पुढे वाचनात अडखळणाऱ्या मुलांबरोबर काम करू लागले, तेव्हा त्या जोड्यांमागची बाईंची समज किती खोल होती ते उमगलं.

वाचताना नजर ओळीवरून सरकत नाही, उड्या मारते. प्रत्येक मुक्कामी साधारण पाव सेकंद थांबते आणि वाचन होतं ते त्या थांब्यातच. 1969 मध्ये राइशर या मानसशास्त्रज्ञानं लोकांना क्षणभरच कधी एकटं अक्षर दाखवलं, कधी शब्द. मग शब्दातल्या एका जागेसाठी दोन अक्षरांचे पर्याय दिले. दोन्ही चालतील, दोन्हींनी खरा शब्द होईल असेच. म्हणजे अंदाजाला वावच नाही. तरीही शब्दातलं अक्षर एकट्या अक्षरापेक्षा अचूक ओळखलं गेलं! बाईंच्या 'घन-धन'मध्ये नेमकी हीच युक्ती होती. दोन्ही शब्द खरे, त्यामुळे मुलाला अक्षर पाहावंच लागे.

शब्द अक्षराला असा हात देतो म्हणून काहीजण म्हणतात, अक्षरं कशाला, मुलांना अख्ख्या शब्दाचा आकारच ओळखू द्या. मला हे मुळीच पटत नाही. 2003 मध्ये पेली या संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की अगदी रोजच्या सरावाचा शब्दही त्यातली अक्षरं सुटी ओळखू येण्याइतकी स्पष्ट नसतील तर वाचता येत नाही. सराईत वाचक अक्षरं गाळत नाही. ती इतक्या झटपट ओळखतो की आपण ओळखली हे त्यालाही जाणवत नाही.

आपल्या लिपीचा आणखी एक पेच बाई आवर्जून सांगत, तो पहिल्या वेलांटीचा. 'किती' वाचताना डोळ्याला आधी वेलांटी भेटते, तोंडाला मात्र आधी क लागतो. बाई वेलांटीवर बोट ठेवून झाकत, क म्हणवून घेत, मग बोट उचलत. मूल इथे अडलं की "लक्ष कुठंय तुझं?" म्हणून ओरडणारे पालक मला नेहमी भेटतात. त्यांना मी वेलांटीवर बोट ठेवून तो क दाखवते. त्याचं लक्ष अगदी जागेवर असतं.