अमावास्येची सभा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या एका वाडीत आमची जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा आहे. पट २०च्या आत, त्यामुळे समायोजनाची, म्हणजे शाळा बंद करून मुलं दुसऱ्या शाळेत घालण्याची, टांगती तलवार कायमचीच. एका पावसाळ्यात कागद आलाच: मुलं पलीकडच्या शाळेत पाठवण्याबाबत अभिप्राय कळवा. पहिली ते पाचवीसाठी शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. नकाशावर पट्टी ठेवली की ती आतच येते. मधल्या खाजणाचं, भरतीला पाण्याखाली जाणाऱ्या दलदलीचं, नकाशाला काय!

शाळा व्यवस्थापन समिती म्हटलं की बऱ्याच ठिकाणी वही घरोघर फिरते आणि सह्या होतात. कायदा मात्र वेगळं सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या महिला. आमच्याकडे बापे बोटीवर नाहीतर मुंबईला, म्हणून समिती जवळजवळ सगळी आयांचीच. अध्यक्षबाई मासळी विकतात. मी सदस्य सचिव म्हणून सभेची नोटीस काढायला बसले, तर म्हणाल्या, "बाई, तारीख अमावास्येची घाला. वेळ साडेअकरा. साहेबांना तेव्हाच बोलवा."

साहेब, म्हणजे शिक्षण विभागाचे विस्तार अधिकारी, आले. कोकम सरबत झालं. मी फाईल उघडणार, तोच अध्यक्षबाई उठल्या. "साहेब, आधी पोरांच्या वाटेनं चला."

बायका लुगडी खोचून पुढे, साहेब बूट हातात घेऊन मागे. पऱ्यावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, साकव म्हणजे पोफळीची दोन खोडं आणि धरायला एक नायलॉनची दोरी. अमावास्येच्या भरतीचं, उधाणाचं पाणी खोडांवरून चाललेलं. साहेब थांबले. एकजण म्हणाली, "माझी पयलीतली हाय." पुढे कोणीच काही बोललं नाही. साहेबांनी मोबाईलवर डांबरी रस्त्याचं अंतर पाहिलं, चार किलोमीटरच्या वर निघालं.

ठराव तिथंच बांधावर लिहिला. मी 'विद्यार्थ्यांची गैरसोय होत असल्याने' अशी सुरुवात केली होती. अध्यक्षबाईंनी ती खोडायला लावली. "भरतीला वाट बंद होते, असं लिवा." साहेबांनी शेरेबुकात तेच वाक्य उतरवलं आणि ठरावाची नक्कल सोबत नेली.

त्या वर्षी शाळा राहिली. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत याच बायकांनी ती नक्कल दाखवून साकवाचा विषय मांडला. निधी नाही, असं उत्तर मिळालं. अध्यक्षबाईंनी तेही इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं.