मशीन असताना हातानं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तुमच्या आधीही खूप जणांनी विचारलंय, आणि जवळजवळ सगळ्यांनी एकाच पद्धतीनं. शेल्फवरचा फेल्टचा ससा हातात घेतात, कान चाचपतात, पालथा करून पाठीवरची शिवण बघतात आणि म्हणतात, "हे सगळं हातानं? मशीन नाहीये का?" मशीन आहे, आणि चांगलं चालतं. पडदे, उशांचे अभ्रे, पिशव्या मी त्याच्यावरच शिवते. तिथे हातशिलाईचा हट्ट धरण्यात मला काही अर्थ वाटत नाही. पण फेल्टचे प्राणी, पक्षी, बाहुल्या आणि त्यांच्यावरचं भरतकाम मी हातानंच करते. आजवर "मला आवडतं" एवढं म्हणून विषय संपवत आले. ते खोटं नाही, पण अपुरं आहे.

सुरुवात फेल्टपासूनच करायला हवी. फेल्ट हे कापडच, पण विणलेलं नसतं. त्यात उभे-आडवे धागे नाहीत, ताणा नाही की बाणा नाही. लोकरीच्या प्रत्येक तंतूवर कौलं रचावीत तसे एकावर एक बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं-दाबणं यांनी तंतू एकमेकांत सरकत जातात आणि खवले अडकल्यामुळे त्यांना मागे फिरता येत नाही. लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात घोळला की आटून पुठ्ठ्यासारखा होतो, तेही हेच. कृत्रिम धाग्याचं फेल्ट पाण्यानं होत नाही. तिथे काटेरी सुया हजारो वेळा टोचून तंतू एकमेकांत गुंतवतात. पण गुण तोच: कात्री कुठूनही, कशीही चालवा, कडेची सुतं निघत नाहीत.

हा एकच गुण सगळं बदलून टाकतो. सुती कापडाची बाहुली शिवताना दोन तुकडे सुलट बाजू आत ठेवून शिवायचे, कडेला सेंटिमीटरभर जागा सोडायची आणि मग उलटवायचे, कारण सुटणारी सुतं आत लपवायची असतात. फेल्टमध्ये लपवण्यासारखं काही नाही. दोन तुकडे एकमेकांवर ठेवायचे आणि बाहेरूनच कडेकडेनं शिवायचे. माझ्या सशाचा पाय करंगळीएवढा आहे. एवढा पाय जाड फेल्टमध्ये आतून शिवून उलटवायला गेलं, तर एक तर शिवण उसवते, नाही तर पावलाचा आकारच जातो. मशीनला सपाट पृष्ठभाग लागतो. वर पायपट्टी दाबलेली, खाली दाते कापड पुढे ओढताहेत. भरण घालून गोल झालेलं पोट त्या पायपट्टीखाली कसं जाणार? भरण आत गेल्यावरची शेवटची शिवण हातानंच होते.

पण समजा, हे सगळं मशीनला जमलं असतं, तरी मी हातानंच शिवलं असतं. कारण फेल्टमध्ये टाका दिसतो. तो नुसता जोडत नाही, रेघही काढतो. सशाच्या कानाभोवती काजटाका घालते, ज्याला ब्लँकेट टाकाही म्हणतात. कडेपासून तीन मिलिमीटर आत सुई टोचायची, दोरा सुईच्या टोकाखालून घ्यायचा आणि ओढायचा, म्हणजे कडेवर दोऱ्याची एक बारीक काठ तयार होते. हे सरळ कडेला सोपं. कानाच्या टोकाला मात्र गोल वळण येतं. तिथे बाहेरच्या कडेला अंतर तेवढंच ठेवलं तर आतली टोकं एकमेकांना चिकटतात, आणि आतलं अंतर सांभाळलं तर काठ विरळ दिसते. मग अगदी टोकावर मी तीन टाके एकाच भोकातून काढते, छोट्या पंख्यासारखे, आणि उताराला लागले की पुन्हा सुटे घालते. कुठल्या टाक्यापासून पंखा सुरू करायचा ते मोजून ठरत नाही. दोन टाके आधी बोटाला कळतं. एका कानाला साधारण साठ टाके लागतात, आणि त्यातल्या टोकाजवळच्या पाच-सहांवर कान टोकदार दिसणार की मऊ, हे ठरतं.

दोऱ्याबद्दलही थोडं सांगते, कारण नवीन शिकणारे इथेच वैतागतात. भरतकामाच्या दोऱ्याच्या लडीत सहा पदर असतात. शिवणीला मी दोन पदर घेते, तोंडाच्या रेघेला तीन. एक पदर घेतला तर तो फेल्टच्या लवेत बुडून जातो. उलटी टीप घालूनही रेघ तुटक दिसते. दोन पदर हवेत म्हणून दोन एकदम ओढू नका, गुंता होतो. एकेक पदर सरळ वर ओढून काढा आणि मग दोन्ही शेजारी ठेवून ओवा, म्हणजे ते टाक्यात पसरट बसतात. दोरा बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत येईल एवढाच कापायचा. लांब दोरा फेल्टमधून पुनःपुन्हा घासला जाऊन विसविशीत होतो, आणि शेवटचे टाके पहिल्यांपेक्षा फिके दिसतात. मध्येच सुई सोडून दोरा लोंबता ठेवावा, पीळ आपोआप सुटतो. भरतकामाच्या सुईचा क्रमांक जेवढा मोठा, तेवढी सुई बारीक.

आता माझ्या पहिल्या अस्वलाबद्दल. स्वस्तातलं, पातळ, कृत्रिम फेल्ट होतं. टाके नीटस दिसावेत म्हणून मी ते अगदी कडेला, मिलिमीटरभर आत आणि एकमेकांना खेटून घातले होते. दिसायला फार सुरेख झालं होतं ते. मान भक्कम राहावी म्हणून भरण ठासून भरलं. चौथ्या दिवशी मान फाटली. दोरा तुटला नव्हता. दोऱ्याच्या आतली सगळी कड तुकड्यातून सुटून आली होती, वहीच्या पानाला टाचणीनं ओळीनं भोकं पाडून ते फाडावं तशी. मला फार वाईट वाटलं, कारण ज्याच्यासाठी केलं होतं त्या मुलानंच ते हातात आणून दिलं. विणलेल्या कापडात टाक्याला धरायला धागा असतो, फेल्टमध्ये नसतो. तिथे टाका तंतूंच्या गुंत्यावर तोलून उभा असतो, आणि जवळजवळ भोकं पाडली की तो गुंताच कापला जातो. तेव्हापासून कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत आणि दोन टाक्यांत तेवढंच अंतर, हे मी सोडलेलं नाही. फेल्टही शक्यतो लोकरीचं, निदान लोकर मिसळलेलं घेते. महाग पडतं, पण त्यात सुई शिरते तेव्हाच फरक कळतो. कृत्रिम फेल्ट सुईला करकरत अडवतं, लोकरीचं तिला वाट देतं आणि मग भोक स्वतःच मिटवून घेतं.

हातशिलाईची बाजू घेताना मार्गारेटे श्टाइफ यांचं नाव घेतल्याशिवाय मला राहवत नाही, जरी त्यांच्याकडे मशीन होतं तरी. त्यांचा जन्म १८४७चा, जर्मनीतल्या गिंगेन गावातला. दोन वर्षांच्याही झाल्या नव्हत्या तेव्हा पोलिओ झाला. पाय गेले आणि उजवा हात कमकुवत राहिला. तरी त्या शिवणकाम शिकल्या. १८८० साली त्यांनी फेल्टचा एक छोटा हत्ती केला, टाचण्या खोचायची उशी म्हणून. मुलांनी तो पाहिला आणि खेळायला घेतला. भरण घातलेल्या खेळण्यांचा एक मोठा उद्योग त्या हत्तीपासून सुरू झाला. टाचण्या खोचायच्या वस्तूला चार पाय आणि सोंड देणारी बाई मला फार जवळची वाटते.

आणि हे काही दीडशे वर्षांचंच नाही. अल्ताय पर्वतातल्या पाझिरिकच्या दफनटेकड्यांमध्ये, बर्फात गोठून राहिल्यामुळे, फेल्टच्या वस्तू दोन हजारांहून जास्त वर्षं टिकल्या. त्यांत फेल्टचे हंस आहेत, आत भरण घालून गोल केलेले, लांब मानेचे. आता ते सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटेज संग्रहालयात आहेत. मी त्यांचे फोटो पुष्कळ वेळ बघत बसते. ती मान ताठ कशी ठेवली असेल, हाच विचार माझ्या मनात येतो, कारण माझ्या हंसांची मान अजूनही तिसऱ्या प्रयत्नात उभी राहते.

चेहऱ्याचं काम मी सगळ्यात सावकाश करते. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याला मणी किंवा बटणं लावत नाही. सुटून तोंडात जातात. म्हणून डोळे भरतकामाचे. आधी काळ्या डोक्याच्या दोन टाचण्या टोचून ठेवते आणि ससा समोर मांडते. टाचण्या कपाळाकडे सरकवल्या की तो मोठा, थोडा हुशार वाटतो. खाली आणि एकमेकींपासून दूर नेल्या की पिल्लू होतो. कोनराड लोरेन्झ या प्राणिवर्तनशास्त्रज्ञानं १९४३ मध्ये हे मांडलं होतं: मोठं कपाळ, चेहऱ्याच्या मध्यरेषेखाली असलेले मोठे डोळे, गुबगुबीत गाल असं दिसलं की माणसाच्या मनात जपण्याची भावना जागी होते. मला ते वाचायच्या आधी टाचण्यांनी सांगितलं होतं. पण कागदावरचा नियम एवढ्याशा चेहऱ्यावर अर्ध्या मिलिमीटरनं बिघडतो. एक टाचणी किंचित वर गेली तर ससा साशंक दिसतो, आणि कधीकधी तोच साशंक ससा सगळ्यांत आवडतो. म्हणून टाचण्या रात्रभर तशाच ठेवते आणि सकाळी उजेडात पुन्हा बघते. टोचलेल्या टाचण्या मोजूनच ठेवायच्या आणि मोजूनच काढायच्या, हे वेगळं सांगायला नको.

मग गाठीचा टाका. दोरा सुईला दोनदा गुंडाळायचा, डाव्या हातानं ताणून धरायचा आणि सुई खाली घालायची. आली त्याच भोकात पुन्हा घातली तर गाठ फेल्टमधून आरपार निसटते, म्हणून एक-दोन तंतू सोडून शेजारी. ताण थोडा सैल झाला की गाठीवर फास राहतो, जास्त झाला तर सुईच अडकते. गाठ बसली की तिच्या वरच्या कडेला पांढऱ्या दोऱ्याचा एकच, मिलिमीटरभराचा टाका. तो घालेपर्यंत माझ्यासमोर फेल्टचा तुकडा असतो. तो घातल्यावर माझ्याकडे कोणीतरी बघत असतं. इतकी वर्षं झाली, तरी प्रत्येक वेळी मी त्या टाक्यानंतर हात थांबवते.

हे मशीनला येत नाही, असं मी म्हणणार नाही. भरतकामाची मशीनं गाठींसारखे ठिपके काढतात, शंभर सशांना शंभर सारखे डोळे देतात. पण मशीन मध्येच थांबून सशाकडे बघत नाही. हाताला प्रत्येक टाक्यानंतर मत बदलायची मुभा असते. डोळा बसल्यावर मी तोंडाची रेघ बदलते, तोंडामुळे मान थोडी कलती शिवावीशी वाटते. मान जोडायला शिडीचा टाका घालते: एकदा डोक्यातून, एकदा धडातून, आडव्या पायऱ्यांसारखा, आणि चार-पाच पायऱ्या झाल्या की दोरा ओढते. पायऱ्या मिटतात आणि दोन तुकडे एकमेकांना भिडतात. ओढताना डाव्या बाजूच्या पायऱ्या जरा जवळ घेतल्या, की ससा डावीकडे कान देऊन ऐकतोय असं दिसतं. आराखड्यात हे कुठेच नसतं.

वेळ लागतो, हे खरं. एक ससा म्हणजे आठवडाभराच्या संध्याकाळी, सगळे मिळून नऊ-दहा तास. "एवढ्या वेळात मशीनवर दहा झाले असते" असं कोणी म्हणतं तेव्हा मला वाद घालावासा वाटत नाही. मला दहा ससे नकोच असतात.

गेल्या महिन्यात एक ससा परत आला. मीच केलेला, एका ओळखीच्या मुलीसाठी. ती आता माझ्याहून उंच आहे. सशाच्या कुशीची शिवण उसवली होती, भरण बाहेर डोकावत होतं, आणि राखाडी फेल्ट छातीवर झिजून मऊ, फिकट झालं होतं. तिथे तिची हनुवटी टेकत असणार. टाके माझेच होते, त्यामुळे कुठून सुरू केले आणि गाठ कुठे दडवली ते मला बोटानंच सापडलं. उसवलेल्याच्या दोन्ही बाजूंचे चांगले टाकेही थोडे काढले, जुनं गोळा झालेलं भरण चिमट्यानं मोकळं केलं आणि बोटाएवढे कापसाचे नवे बोळे पावलाकडून वर भरत आणले. मग तेव्हाच्याच रंगाच्या क्रमांकाची लडी शोधली. पण ती सशावर ठेवली तर गडद दिसली, कारण ससा इतक्या वर्षांत रंग उडून फिका झाला होता. मी दोन छटा फिका दोरा काढला. तिनं दोन्ही सशावर ठेवून पाहिले आणि गडद लडी माझ्या हातात दिली.

"हाच घाला," ती म्हणाली. "कुठे शिवलंय ते दिसू दे."

तेवीस टाके लागले. ती शेजारी बसून बघत होती. शेवटचे चार मी तिलाच घालायला दिले. ते जरा लांब पडलेत आणि एक तिरका आहे.