तुम्ही विचारलंत म्हणून: कार्ड कोणतं घेऊ?

आर्वी तालुक्यातल्या एका गावात माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. मागच्या खोलीत गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळायला स्टिअरिंग, पेडल आणि कॉम्प्युटर मांडलाय, हे आता आसपासच्या गावांनाही ठाऊक झालंय. पोट्टे येतात आणि सगळे एकच विचारतात, "भाऊ, आयरेसिंग खेळाले पीसी बनवाचा आहे, ग्राफिक कार्ड कोणतं घेऊ?" आयरेसिंग म्हणजे कॉम्प्युटरवरचा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून लिहितोय.

कार्ड सगळ्यात शेवटी घ्या. आधी घरचं व्होल्टेज मोजा.

२०२२ मध्ये मी पहिला पीसी जुळवला तेव्हा कॅबिनेटसोबत आलेला स्वस्त पॉवर सप्लायच ठेवला होता. पावसाळ्यात एका रात्री डीपीवरची, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरची, न्यूट्रल तार तुटली. न्यूट्रल गेला की दोन फेजच्या मध्ये सापडलेल्या घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत दाब चढतो. गल्लीतले तीन टीव्ही गेले, माझा पॉवर सप्लाय गेला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. लोकांच्या जळालेल्या मोटरी भरून मी पोट भरतो, आणि माझ्याच खोलीत दाब चढला की लाइन तोडणारा साधा हाय व्होल्टेज कटऑफ नव्हता. ते मला फार लागलं.

यातला फरक नीट समजून घ्या. विहिरीवरची मोटर कमी व्होल्टेजने जळते, कारण दाब उतरला की ती जास्त ॲम्पिअर ओढते आणि तापते. चांगला पॉवर सप्लाय १०० पासून २४० व्होल्टपर्यंत चालतो, त्यामुळे १७० ला तो मरत नाही. त्याला मारतो तो अचानक चढलेला दाब. त्यामुळे माझा क्रम असा: नीट अर्थिंग, मग कटऑफ असलेला स्टॅबिलायझर, मग प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे लाइनच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा यूपीएस, आणि शेवटी ६५० वॉटचा गोल्ड दर्जाचा, म्हणजे वीज कमी वाया घालवणारा पॉवर सप्लाय. स्टॅबिलायझर यूपीएसच्या आधी हवा, कारण हरभऱ्याला पाणी सुरू झालं की रात्री व्होल्टेज उतरतं आणि यूपीएस वारंवार बॅटरीवर जाऊन ती संपवतो. घरचा जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर याला जोडू नका, नव्या पॉवर सप्लायचं त्याच्याशी जमत नाही. दहा मिनिटांचा बॅकअप पुरतो. तेवढ्यात खेळातली गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या बाजूला थांबायच्या जागी, आणता येते.

दुसरी गोष्ट उन्हाची. मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या पुढे जातो, रात्रीही खोली तापलेलीच असते. पंख्याचं कूलिंग खोलीच्या हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही. पुण्यातल्या माणसाने सांगितलेलं तापमान आपल्याकडे दहा अंश वर धरा. जाळीच्या तोंडाचं कॅबिनेट घ्या, काचेचं नको. आणि कापूस घरात साठवलेला असेल तर दर पंधरा दिवसांनी ब्लोअर मारा. हीटसिंकच्या पात्यांत कापसाचे तंतू असे बसतात की जणू कुणी वातच वळून ठेवली आहे. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको, त्यात पाण्याचे थेंब असतात.

आता मशीनचं. शर्यतीच्या सिम्युलेटरमध्ये चित्र काढायचं काम कार्ड करतं, पण गाडी चालवतो तो प्रोसेसर. आयरेसिंग टायर, सस्पेन्शन, इंजिन यांचा हिशोब सेकंदाला ३६० वेळा करतं. सुरुवातीला वीस-तीस गाड्या एकाच वळणात घुसतात तेव्हा ताण प्रोसेसरवर येतो. मी रायझन ५ ५६०० या प्रोसेसरवर सुरुवात केली, पुढे त्याच बोर्डवर रायझन ७ ५८००एक्स३डी बसवला. त्यात एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी, ९६ एमबी, ५६०० मध्ये ३२. फरक सेकंदाला सरासरी किती फ्रेम, म्हणजे चित्रं, येतात त्यात पाहू नका, पहिल्या वळणातल्या झटक्यांत पाहा. ताशी २०० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला ५५ मीटर जाते. चित्र सेकंदाचा दहावा भाग अडकलं तर साडेपाच मीटर तुम्ही आंधळे, आणि समोरच्याचा बंपर त्याआधीच येतो.

कार्ड माझं आरटीएक्स ३०६० आहे. एका फुल एचडी स्क्रीनला भरपूर झालं. तीन स्क्रीन लावल्या तर पिक्सेलही तिप्पट होतात, मग मोठं कार्ड लागतं. पण सुरुवातीलाच तीन स्क्रीनच्या मागे लागू नका.

ते पैसे ब्रेकला ठेवा. साधं पेडल किती खाली गेलं एवढंच मोजतं, लोड सेलवालं पेडल किती जोर लावला ते मोजतं, आणि पाय जोर लक्षात ठेवतो, अंतर नाही. पण त्यावर चांगलाच जोर पडतो, टेबल मागे सरकतं. मी गावातल्या वेल्डरकडून चौकोनी पाइपचा सांगाडा करून घेतला, सीट भंगारातल्या मारुती ८०० ची. अजून एक वेल्ड हललेला नाही.

स्टिअरिंगचं काय ते बाबांनी मला न सांगता समजावलं. तळेगाव दशासरच्या शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, ते मला लहानपणी न्यायचे. तिथं बैल हाकणारा धुरकरी बैलांकडे बघत नाही, कासऱ्यातून त्याला कळतं कोणता बैल ओढतोय आणि कोणता सुटतोय. फोर्स फीडबॅक, म्हणजे स्टिअरिंगमधली मोटर हाताला जो जोर देते तो, म्हणजे तोच कासरा. मागचं चाक घसरायला लागलं की डोळ्याआधी हाताला कळतं. बाबांना एकदा बसवलं तर तिसऱ्या फेरीला म्हणाले, "हे तर ढिल्लं पडून राह्यलं." खरंच, पुढचे टायर पकड सोडत होते.

नेटचंही विचारता. शर्यतीला डेटा थोडा लागतो, पण तो अखंड लागतो. वायफाय नको, केबल ओढा. युरोपातला सर्व्हर सात हजार किलोमीटरवर. फायबरमधून प्रकाशालाही जाऊन यायला ७० मिलिसेकंद लागतात, आणि केबल सरळ रेषेत नसते. म्हणून जवळचा सर्व्हर निवडा.

परवा रोहण्याकडचा एक पोरगा आला. मी सांगितलं होतं तसं आठ दिवस सकाळ, दुपार, रात्र मल्टिमीटर लावून त्याने वहीत मांडलं होतं. रात्री साडेनऊ: १६४. पहाटे चार: २४८. आम्ही ती वही अर्धा तास पाहिली, कार्डाचं नाव त्याने काढलं नाही. येत्या रविवारी त्याच्या घरी अर्थिंगचा खड्डा खणायचा आहे. कोळसा आणि मीठ तो आणून ठेवणार आहे.